म्बाह प्राविरोंचा होकार

सुगेंग दर रविवारी सकाळी गल्लीच्या सभामंडपाचं कुलूप उघडून चटई टाकून बसायचा, आणि दर रविवारी तेच प्रश्न नव्या तोंडांतून यायचे. जावातल्या सालातिगात लिनक्स, म्हणजे संगणकाची फुकट सिस्टीम, म्हटलं की लोक त्याच्याकडे बोट दाखवत, जणू तो त्या कंपनीचा इथला एजंट. जन्मभर चोरीची सिस्टीम बिनघोर वापरलेली माणसं त्याला दबक्या आवाजात विचारत, "फुकट आहे म्हणता, मग पोलीस तर नाही ना येणार?" कुणी सी ड्राइव्ह शोधत बसे. कुणी म्हणे, याला व्हायरस लागत नाही ना, मग कॉपी कशाला ठेवायची? एका किराणा दुकानदाराने तर त्याला पार पिडलं होतं.

"याचा मालक कोण?"

"कुणी एक नाही. सगळ्यांचंच आहे."

"मग बिघडलं की ओरडायचं कुणावर?"

कुणावर ओरडतात ते सुगेंगला अनुभवाने माहीत होतं.

"लष्करच्या भाकऱ्या," त्याची बायको लास्त्री म्हणायची. "आपल्या स्वयंपाकघराचा नळ ईदपासून गळतोय. तोही लिनक्सवर चालतो असं समजा आणि बघा जरा." सुगेंग "हो हो" म्हणायचा. आता बंदच करणार हे रविवार, असंही म्हणायचा. दमला होता तो, पण नाही कसं म्हणायचं, हे त्याला कळत नव्हतं.

अशाच एका रविवारी म्बाह प्राविरो आले, गावाचे प्राविरो आजोबा. सत्तरी उलटलेले, कडक इस्त्रीचा बाटिक सदरा. गावातल्या लग्नांत जुन्या, उंची जावानीजमध्ये बोलणारे ते सूत्रधार. अर्ध्या गावाला त्यांच्या शब्दांनी बोहल्यावर चढवलं होतं. सगळी भाषणं त्यांच्या लॅपटॉपमध्ये होती, आणि लॅपटॉप आता उघडायलाच अर्धी सकाळ घेत होता.

"रातिहचं लग्न आहे," ते म्हणाले. "नात माझी. तिच्यासाठी आजवरच्या भाषणांतलं उत्तम ते निवडायचंय. हल्ली बाळ, डोक्यात काही राहत नाही. जे आहे ते ह्या डब्यात."

सुगेंगने त्यांना एक पेन ड्राइव्ह दिला. हा लावून आधी नुसतं चालवून बघा, आवडलं तर पुढच्या रविवारी मी स्वतः नीट बसवून देतो, तोवर 'इन्स्टॉल' लिहिलेल्या चित्राला हात लावायचा नाही, असं त्याने सावकाश समजावलं.

"भाषणांची दुसरीकडे कॉपी आहे ना, म्बाह?"

"इंगिह," म्बाह मान लववून म्हणाले.

"मी सांगितलं ते कळलं?"

"इंगिह, इंगिह."

म्हणजे होय. अतिशय आदराचं होय. आपल्याकडे समोरच्याचं मन मोडू नये म्हणूनही हेच म्हणतात, आणि प्रश्न कळला नाही तरी हेच म्हणतात. जावात जन्मलेल्या सुगेंगला हे का ठाऊक नव्हतं? पण मागे पाचसात जण ताटकळत होते, आणि एक बाई प्रिंटर घेऊन आल्या होत्या.

जाताना म्बाह म्हणाले, "एक विचारू? माझी भाषणं मी चेल्यालासुद्धा दाखवत नाही. आणि तुझे हे लोक केलेलं काम असं वाटत सुटतात?"

"फुकटचं ते पौष्टिक, म्बाह."

"फुकटचं ते टाकाऊ, असं आमच्या वेळी होतं," म्बाह हसून म्हणाले.

पुढच्या शनिवारी दुपारी ते लॅपटॉप घेऊन थेट सुगेंगच्या घरी आले. खूश होते. लास्त्रीने आल्याच्या गरम काढ्याचा पेला आणि तेंपे, सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, पुढे ठेवल्या.

"काय पळतंय रे! नवं कोरं झालं. आता एवढंच सांग, हे वर उचलून खालचं कसं बघायचं?"

"खालचं म्हणजे?"

"माझे कागद. टेबलावर नवी चादर घातली की जुनी खाली असते ना, तसे असतील ना खाली?"

सुगेंगने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. "तुम्हाला मध्ये काही विचारलं का याने?"

"विचारलं की. फार अदबशीर आहे. सगळं पुसून नव्याने बसवू का, म्हणाला. आता एवढं फुकट देतोय, वर परवानगी मागतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? मी इंगिह केलं."

सुगेंग लॅपटॉप घेऊन बसला. हरवलेल्या फाइली शोधायचं जे जे त्याच्याकडे होतं ते सगळं लावून झालं, पण हाती लागली ती नुसती चिंध्यांची बोचकी. अर्धी ओळ, कुणाचं तरी नाव, मध्येच वऱ्हाडाच्या जेवणाचा हिशोब. मी सांगितलं होतं, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले, कारण ऐकणाऱ्याला कळलेलं नाही हे त्याला त्या रविवारीच दिसलं होतं आणि त्याने तिकडे डोळेझाक केली होती. त्याला स्वतःची चीड आली.

"नाही मिळत, म्बाह."

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. "असू दे, बाळ. तू तरी काय करणार," ते म्हणाले, आणि बराच वेळ बाटिकची एकच घडी बोटांनी सारखी करत राहिले. लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

दारात उभ्या लास्त्रीने हे सगळं ऐकलं होतं. ती आत गेली, कपाटाचे खण आपटल्याचे आवाज आले, आणि धूळ पुसत ती व्हिडिओची एक तबकडी घेऊन आली. तिच्या आणि सुगेंगच्या लग्नाची.

"म्बाह, यात तुम्हीच आहात की. आणि आमच्याच नाही, ज्यांच्या ज्यांच्या लग्नात बोललात त्या सगळ्यांच्या घरी आहात."

तिने गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर निरोप टाकला. दिवेलागणीपर्यंत ओटीवर तबकड्यांची चळत लागली. कुणी कॅसेट आणली, कुणी मोबाइलमधलं दिलं. म्बाहांनी कुलुपात ठेवलेलं सगळं गेलं होतं. त्यांच्याही नकळत जे घरोघरी वाटलं गेलं, तेवढं शिल्लक होतं. सुगेंग जुन्या ड्राइव्हमध्ये एकेक तबकडी लावत गेला, आणि म्हातारा स्वतःचा तरुण आवाज ऐकत कागदावर उतरवत राहिला.

शेवटी सुगेंग आणि लास्त्रीची तबकडी लागली. पडद्यावर काळ्या मिशांचे म्बाह नवऱ्या मुलाकडे वळून म्हणत होते, "दारच्या रोपाला रोज पाणी घालावं लागतं, बाळ. एकदा पाऊस येऊन गेला म्हणून भागत नाही. घालशील?" आणि काडीसारखा सुगेंग ताठ बसून म्हणाला, "इंगिह."

म्बाहांनी पेन थांबवलं. "हेच. हेच शोधत होतो रातिहसाठी." मग ते लास्त्रीकडे वळले. शब्द त्यांचेच होते, तरी त्यांनी विचारलं, "पोरी, हे तुमच्या लग्नातलं आहे. तिला दिलं तर चालेल?"

"न्या की, म्बाह," लास्त्री म्हणाली. "आमच्या घरी ते तबकडीतच राहिलं."

ती रिकामे पेले उचलायला वाकली. आतून नळाचा थेंब थेंब आवाज येत होता, आणि आज तो सुगेंगला ऐकू आला.

म्बाह गेल्यावर तिने विचारलं, "उद्या लग्नाला येणार ना?"

"हो."

"कुठलं हो?"

सुगेंगने सभामंडपाची किल्ली खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिली आणि नळाचा पाना शोधायला आत गेला.