मनगटावरची काठी

हरवलेली सांडणी, म्हणजे उंटीण, शोधायला भर उन्हात वाळवंटात निघालेला म्हातारा गोडाराम पाणी घरीच ठेवून गेला. "या वयात कुणाला तहान लागते?" म्हणे!

त्याची बायको झमकू पाण्याची कातडी मशक घेऊन मागावर निघाली. खेजडीच्या झाडाखाली तो सापडला, जीभ सुजलेली, डोळे फिरलेले. मशक दिसताच त्याने मशकीवर झडप घातली. अशा माणसाला घटाघटा पाणी पाजलं तर जीव जातो, थेंब थेंब पाजतात. झमकूने त्याचीच काठी उचलली. जन्मभर त्याने तिला जिने बडवलं तीच. मनगटावर हाणली, मग पाठीवर, खांद्यावर, दणादण. तो आडवा झाल्यावर मशकीतल्या पाण्यात भिजवलेली ओढणी त्याच्या तोंडात पिळली.

उन्हं उतरल्यावर तो कण्हला, "सटवे, एक पुरे होती की!"

"पहिली पाण्यासाठी होती. बाकीच्या तुमच्याच, परत केल्या."