परतीची लाट

चारुशीलाबाईंनी मोरीतल्या बादलीत नळ पूर्ण सोडला आणि मग देवव्रतला फोन लावला. नळाच्या आवाजात इथलं बोलणं ओटीवर जात नाही, हे एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना नेमकं कळलं होतं. वेळ तेवढा बादली भरेपर्यंतचाच होता.

"कुठवर आलास रे?"

"वरंध मागे टाकलं, काकू. तासाभरात पोलादपुरात."

"मग नीट ऐक. सर विचारतील तेव्हा चांगलं झालंय म्हणायचं. चुका काढत बसायचं नाही."

पलीकडे गाडीतलं गाणं कुणीतरी बारीक केलं.

"पण काकू, सरांनी तर मला मुद्दाम..."

"सर काय वाट्टेल ते म्हणतील! सोमवारी पुण्याला ऑपरेशन आहे त्यांचं. हृदयाची झडप बदलायची आहे. वल्लरीने तीनदा तारीख घेतली आणि तीनदा ह्यांनी पुढे ढकलली. देवव्रतला बघू दे, मग जाऊ, हा एकच घोषा. डॉक्टरांनी बजावलंय, संक्रांतीच्या पुढे नेऊ नका. तू एकदा मान डोलाव, की निवांत मनाने गाडीत बसतील. एवढं कर बाबा माझ्यासाठी."

"बरं, काकू," देवव्रत म्हणाला. सुटका झाल्यासारखा वाटला त्याचा आवाज. पण बादली वाहायला लागली होती, आणि ओटीवरून "कुणाचा फोन गं?" अशी हाक आली होती.

"वल्लरीचा," बाईंनी लेकीचं नाव पुढे केलं, आणि खोटं किती सहज जमलं याचं त्यांना बरंच वाटलं.

शरद सरांनी एकतीस वर्षं महाडच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. रोज सकाळी सहा पन्नासची एसटी, डब्यात पोळी-भाजी, आणि परत येताना मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मार्कांच्या बाबतीत माणूस महाकंजूष. अशा माणसाने निवृत्तीला आठ वर्षं असताना हे खूळ डोक्यात घेतलं, आणि आज त्याला एकोणीस वर्षं होत आली.

त्याची सुरुवात तुडीलला झाली. बाईंच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. सगळी मंडळी पंगतीला बसली आणि हे गृहस्थ सावित्रीच्या काठावर. खाडीची भरती वर चढत होती, नदीचं पाणी खाली येत होतं, आणि दोन्ही भेटत होती तिथे पाण्याचा एक पट्टा जागच्या जागी उभा होता. त्यात गवताच्या काड्या, एक पत्रावळ, सगळं अडकून राहिलेलं. न वर जातंय, न खाली. सर जेवणाचं विसरले ते विसरलेच. बाईंना मात्र वऱ्हाडासमोर काय लाज वाटली म्हणता! घरी आल्यावर त्यांनी बाईंना समोर बसवून सांगितलं: आधी काहीच नव्हतं, चारू. जागासुद्धा नव्हती. होती फक्त एक थरथर. ती लाट होऊन गेली, परत आली, स्वतःलाच भेटली. जिथे भेटली तिथे थांबल्यासारखं झालं. ते थांबलेलं म्हणजेच वस्तू. तारे, कातळ, तू, मी.

"आणि उष्टी पत्रावळ," बाई म्हणाल्या होत्या. त्या तेव्हा चिडलेल्या होत्या. पुढे चिडणंही राहिलं. नवरा दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, विश्व कसं झालं ते लिहितो. तक्रार तरी कुणाकडे करायची?

एकशे चौदा पानं झाली. दिल्ली, बंगळूर, कुठे कुठे पाठवली. पोचसुद्धा आली नाही कुणाची. शेवटी उरला देवव्रत. सरांचा विद्यार्थी, आता पुण्यात मोठ्या संस्थेत संशोधक. सरांनी दोन महिन्यांपूर्वी त्याला झेरॉक्स कुरिअरने पाठवली, आणि तो सासुरवाडीच्या मंडळींना घेऊन गुहागरला जाता जाता उतरणार म्हणाला, तेव्हापासून ते दिवस मोजत होते.

साडेअकराला गाडी दाराशी थांबली. देवव्रत एकटाच उतरला.

"मंडळी झोपलीत सर गाडीत. त्यामुळे फार वेळ नाही थांबता येणार."

तो वाकून पाया पडला. सरांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. त्यांनी समोरच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं, खुर्ची उगीचच हाताने पुसली, आणि चहा येण्याच्या आतच विचारलं,

"वाचलंस?"

"हो सर."

"मग बोल. चुकलं असेल तर चुकलं म्हण. मी काही लहान मूल नाही."

देवव्रतने माजघराच्या दाराकडे पाहिलं. दारात बाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. बाईंनी नुसती पापणी मिटली.

"सर, खरं सांगतो, थोर काम आहे. एकट्याने, इथे बसून, एवढं... आमच्याकडे कुणाला सुचलं नसतं."

"एकसष्टावं पान बघितलंस?"

"तेच तर सगळ्यांत सरळ उतरलंय, सर."

"काही खटकलं नाही?"

"अजिबात नाही."

सर त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग कुठेतरी लांबचं बघावं तसं त्यांनी रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं, बरं." वीस मिनिटांत गाडी गेलीसुद्धा. बाईंनी देवव्रतच्या हातात आमसुलांची पिशवी कोंबली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गुणी मुलगा, त्यांना वाटलं.

जेवताना सरांनी भात दोनदा घेतला. गेल्या कित्येक दिवसांत असं झालं नव्हतं. बाईंच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. त्यांनी हात धुतले, खोलीत जाऊन पलंगाखालची बॅग ओढली आणि सरांचे सदरे तिच्यात भरायला सुरुवात केली. सर दारात येऊन उभे राहिले.

"बॅग कशाला काढलीस?"

"कशाला म्हणजे? सोमवारी पहाटे निघायचंय ना."

सर आत येऊन पलंगाच्या कडेला बसले. ओटीवरून खोलीत येईपर्यंत त्यांना धाप लागली होती. धाप ओसरेपर्यंत ते थांबले.

"चारू, तुला एक सांगायचं राहिलं. एकसष्टाव्या पानावर चूक आहे, असं मला शिमग्यापासून वाटत होतं."

बाईंच्या हातातला सदरा हातातच राहिला.

"बनुबाईने दाखवली," सर म्हणाले. बनुबाई वरच्या वाडीवरून रोज दूध घेऊन यायची आणि दुपारची भांडी घासून जायची. "तिला सांगत होतो मी, लाट जाते आणि परत येते. तर ती म्हणते, 'परत कशी येईल सर? व्हाळातल्या पान्याची लाट दगडावर आपटते म्हनून मागं येते. तुमच्या तिथं दगूड कुठं हाय?' आणि खरंच गं. विश्व व्हायच्या आधीच मी त्याला काठ देऊन बसलो होतो. रात्र रात्र झोप नव्हती मला. पण बोललो नाही कुणाला. ठरवलं, देवव्रतलाही सांगायचं नाही. त्याने तिथे बोट ठेवलं की विषय संपला. सगळं गुंडाळून माळ्यावर टाकायचं आणि सोमवारी तुझ्याबरोबर निमूट गाडीत बसायचं. खरं सांगू? त्याने बोट ठेवावं असंच वाटत होतं मला. दमलो होतो मी."

"मग?"

"मग काय! बनुबाईला दिसलेली चूक देवव्रतला दिसणार नाही, असं होईल का? आयुष्य गेलंय त्याचं त्यात. तो म्हणाला सरळ आहे, म्हणजे माझीच समजूत चुकीची. दगडाशिवायही लाट परत येते. कशी, ते आता मांडायला हवं. पाच-सहा महिने लागतील. ऑपरेशनच्या टेबलावर माझं काय होईल ते कोण सांगणार? हे अर्धवट टाकून मी जायचा नाही."

बाईंनी हातातला सदरा खाली टाकला.

"अहो, मीच सांगितलं होतं त्याला. सकाळी फोन करून. चांगलं म्हण म्हणून मीच सांगितलं."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते चक्क हसले. गेल्या वर्षभरात इतकं मायेने हसले नव्हते.

"मला पुण्याला न्यायला तू आता काहीही बोलशील."

"देवाशपथ सांगते!"

"देवाला कशाला मधे ओढतेस? मी पान एकसष्ट विचारलं, त्याने पान एकसष्टचं उत्तर दिलं. ते काय तू शिकवलंस त्याला?"

मागच्या अंगणात बनुबाई भांडी विसळत होती. बाई तशाच उठल्या आणि तिला हाताला धरून आत घेऊन आल्या.

"बनुबाई, सांगा सरांना. दगडाचं काय म्हणाला होतात ते पुन्हा सांगा."

बनुबाईने ओले हात लुगड्याला पुसले. आधी बाईंकडे, मग सरांकडे बघितलं.

"मी कायबाय बोलते, बाई. मला काय कळतंय त्यातलं? ते पुन्याचं सायब आलं व्हतं ना? ते काय म्हनालं?"

"बरोबर आहे म्हणाले," सर म्हणाले.

"मंग बराबरच असंल. येवढी शिकल्याली मानसं खोटं बोलतील व्हय?"

बाई तशाच फोन घेऊन मागच्या दारी गेल्या. ह्या वेळी नळबिळ काही नाही. पहिल्यांदा फोन लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही, गाडी कुठेतरी रेंजबाहेर असणार. तिसऱ्यांदा लागला.

"देवव्रत, अरे सगळं उलटं झालं. सर सोमवारी येत नाहीत म्हणतात. तू त्यांना फोन कर, आणि एकसष्टाव्या पानावर काय चूक आहे ते सांग."

पलीकडे गाडीतलं गाणं बंद झालं.

"काकू," देवव्रत हळू म्हणाला, "मी वाचलं नाहीये. प्रस्तावना वाचली होती. आज गाडीत चाळणार होतो. पण सकाळी तुम्ही म्हणालात चांगलं म्हण, तेव्हा वाटलं... मग वाचून तरी काय करायचं."

रागवायलाही त्राण नव्हतं बाईंना. एकोणीस वर्षं, एकशे चौदा पानं, आणि एक बादली पाणी. त्यांनी भिंतीला टेकून, शाळेत पाठ म्हणावा तसं, बनुबाईचं म्हणणं त्याला सांगितलं. लाट. परत येणं. दगड कुठे आहे.

"अरे देवा," देवव्रत म्हणाला. "हो, काकू. बरोबर आहे हे. मग पुढचं सगळंच पडतं."

"मग हेच त्यांना सांग. आत्ता, लगेच."

पाच मिनिटांत ओटीवर सरांचा फोन वाजला. बाई माजघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. सर नुसते ऐकत होते. "हं," म्हणाले. "हं. असं का?" "बरं झालं सांगितलंस. सावकाश जा रे, ट्रक फार असतात त्या बाजूला."

फोन ठेवून ते वळले. चेहऱ्यावर तेच मघाचं हसू.

"दगड म्हणाला गं."

"म्हणजे?"

"लाट परत यायला दगड कुठाय, म्हणाला. संशोधनात जन्म गेलेला माणूस दगड म्हणेल का? सीमा म्हणेल, अट म्हणेल, समीकरण सांगेल. दगड आपल्या बनुबाईचा. मी तुला दिला, तू त्याला दिलास." त्यांनी मान हलवली. "बिचारा! काय अवघडला होता. सकाळी किती सरळ बोलत होता, आणि आता प्रत्येक शब्दाला अडखळत होता. तुझ्यासाठी खोटं बोलला तो, चारू. असं नको करायला लावू पोराला."

जे खरं होतं ते सांगून झालं होतं, दोनदा, दोघांच्या तोंडून. बाईंना रडूसुद्धा येईना. खोलीत बॅग तशीच उघडी पडली होती.

सरांनी टेबलावरचा गठ्ठा उचलून छातीशी धरला आणि ते आत जायला निघाले. ओटीवरून माजघरात दोनच पायऱ्या. पहिल्या पायरीवर त्यांनी चौकट धरली. श्वास वर वर यायला लागला, मानेची शीर उडताना दिसायला लागली. बाई पुढे झाल्या तसा त्यांनी हातानेच थांब म्हणून सांगितलं. हळूहळू धाप बसली. मग पाठमोरेच, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं,

"सोमवारचं वल्लरीला तू कळवतेस, का मी कळवू?"