घोरणाऱ्या बाईचे खांब

"सरक रे बाबा, आता काय मांडीवर बसतोस?" नारळाच्या झापाची टोपी विणता विणता एस्को आजीनं खेटून बसलेल्या परदेशी पाहुण्याला आपल्या बोलीत सुनावलं. तो गोड हसला. शिव्या घातल्या तरी हसणारी जात. पैसे मोजून उन्हात खेकड्यासारखं भाजून घ्यायचं, आणि वर दुसऱ्याचा इतिहास विचारायचा.

ग्वाम बेटावरच्या त्या हॉटेलात तीस वर्षं आजीनं असल्यांना थापाच मारल्या. आवारातल्या आठ जुन्या दगडी खांबांची थाप तर नामी होती. एका सरदाराची बायको अशी घोरायची की भिंती कोसळायच्या. शेवटी त्यानं घरच खांबांवर चढवलं, आवाज खालून निघून जावा म्हणून. हॉटेलवाल्यांनी ती थाप पाटीवर कोरली. आजीची नात इसा तिथंच वाटाडी. तीही रोज हेच सांगायची.

त्या दिवशी इसा म्हणाली, खांबांच्या मधे खणून नाचाचा चौथरा बांधणार आहेत, उद्यापासूनच.

आजी टोपी टाकून उठली आणि इसाला घेऊन थेट मॅनेजरकडे गेली. जन्मात कुणाला न सांगितलेलं तिनं त्याला सांगितलं. महायुद्धात बेट जपान्यांच्या ताब्यात होतं, तेव्हा तिचा दोन महिन्यांचा भाऊ, किको, तापानं गेला. आईनं त्याला खांबांच्या मधे पुरलं. तिथं खाली पूर्वजांची हाडं आहेत, लेकरू एकटं पडणार नाही म्हणून.

मॅनेजरनं डोळे पुसले. "आजी, ही तर घोरणारीपेक्षा भारी. नाचाआधी रोज सांगाल?"

इसा हसली. "आजी, मागच्या वर्षी तर तुझ्या भावाला शार्कनं गिळलं होतं."

आजी अर्धवट टोपी तशीच टाकून घरी गेली. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

सकाळी ती खांबांपाशी गेली. "आजीआजोबांनो, तुमच्या अंगणात येते, रागावू नका," म्हणाली आणि आत मधोमध जाऊन बसली. कुदळी घेऊन आलेले गडी गावातलेच. पूर्वजांच्या जागेत शिरताना मागायची ही परवानगी त्यांनी ऐकली आणि बाहेरच थांबले. मॅनेजर ओरडत राहिला, पण कुणी पाऊल उचलेना.

इसा पाहुण्यांना घेऊन आली. एकानं विचारलं, या बाईची काय गोष्ट?

इसानं तोंड उघडलं, आणि मिटलं. आत आजी कुणाकडे बघत नव्हती. वाकून गुडघ्यापाशीची माती तळहातानं थोपटत होती, हलकेच, पुन्हा पुन्हा.