नेपच्यूनची तबकडी

मित्रांनो, मी एक जुना लटकता वजनकाटा आहे. पनवेलजवळच्या एका वाडीत, अंगणवाडीच्या हुकाला मी टांगलेला असतो. पोटात स्प्रिंग, खाली कापडी झोळी. चौदा वर्षांत कितीतरी बाळं माझ्या झोळीत रडली, झोपली, मला भिजवून गेली. आमच्या अंगणवाडीसेविका सुनिताताईंचा माझ्यावर फार विश्वास.

गेल्या आठवड्यात ताईंच्या लेकीने, रियाने, मला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नेलं. 'तुमचं दप्तर इतर ग्रहांवर किती भरेल?' हा तिचा प्रयोग. ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या किती पट ते घ्यायचं, त्रिज्येच्या पटीचा वर्ग करून त्याने भागायचं, की पृष्ठभागावरचं गुरुत्व मिळतं. चंद्रावर सहावा हिस्सा, मंगळावर ०.३८. नेपच्यूनचं वस्तुमान सतरापट, पण त्रिज्याही ३.८८ पट, म्हणून गुरुत्व जेमतेम १.१४. त्या हिशेबाने आकडे लिहिलेल्या कागदी तबकड्या ती एकेक करून माझ्या तोंडावर डकवत गेली. शेवटची, नेपच्यूनची, काढायची राहिली. चंद्राची असती तर कुणालाही कळली असती. ही अगदी खरी वाटत होती.

सोमवारी बाळांची वजनं झाली. नऊ बाळं मोजून गेली. प्रत्येकाचं वजन मी जास्त दाखवत होतो, पण सांगणार कसं?

मग मंगळी आली. दुसऱ्या दिवशी ती वीटभट्टीवर जाणार होती. नऊ महिन्यांच्या लेकीला तिने झोळीत ठेवलं.

"साडेसहा! तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात आहे गं," ताई म्हणाल्या.

"नाय ताय. कडंवर पाखरावानी लागतंय."

"काट्यापेक्षा तुला जास्त कळतं होय?"

"माजी पोर हाय. मलाच कळनार."

आणि पोरीला उचलून घेऊन तिने नुकत्याच मिळालेल्या डाळीच्या दोन सीलबंद पिशव्या, किलो-किलोच्या, झोळीत टाकल्या. माझा काटा सव्वादोनच्या पुढे गेला.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी नखाने कागद खरवडून काढला. पोर पुन्हा मोजली. पाच किलो सातशे. लाल पट्टा, म्हणजे तीव्र कुपोषण.

"भट्टी राहू दे, मंगळे. आधी दवाखाना."

तिला रिक्षात बसवून ताई वही घेऊन घरोघरी पळाल्या. सात बाळं सापडली. उरलेल्या दोघांना घेऊन त्यांचे आईबाप दुपारीच भट्टीच्या ट्रकमधून गेले होते. त्यांचे फोन अजून लागत नाहीत.

मित्रांनो, मला रंग नको, पुसणं नको. रोज सकाळी एक ठरलेलं वजन टाकून मला तपासा. आणि आई म्हणाली, 'लेकरू हलकं लागतंय', तर माझ्याकडे बघू नका. तिच्याकडे बघा.