खुर्चीखालची लेटी

आमच्या डोरोथियावहिनीच्या दिवाणखान्यात पत्त्यांना बंदी, दारूला बंदी. चहा, लिंबाचं सरबत आणि अक्कल, एवढंच चालायचं. खुर्च्या अर्धगोलात, मधली वहिनीची. त्या अर्धगोलात बसायला मिळावं म्हणून लंडनचे भलेभले धडपडायचे. माझा भाऊ जोसाया लोकरीचा व्यापारी. तो दाराशी बसे, मुक्यासारखा. मी विधवा नणंद, चहा ओतायला.

दर मंगळवारी टोपली फिरे. बायका तिच्यात आपल्या कविता टाकत, बिननावाच्या. चांगल्या घरच्या बाईनं कवितेखाली नाव घालणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं! पाद्री पिनॉक वाचायचा, मग सगळे मत द्यायचे. मत चांगलं पडलं तर बाई लाजतमुरडत कविता आपली असल्याचं कबूल करायची.

त्या मंगळवारी वहिनीनं स्वतःची कविता टाकली. तिची लेक लेटी देवीच्या रोगानं गेली, तेव्हापासून घरात पोरीचं नाव कुणी काढलं नव्हतं. सकाळी मला म्हणाली, "वन्सं, लोकांना आवडली तर उठून सांगेन. एकदा तरी तिचं नाव या खोलीत घेईन."

पिनॉक वाचू लागला. खुर्च्यांखाली रांगत पाहुण्यांच्या बुटांची बक्कलं सोडणारी पोर. ती गेल्यावर खुर्च्या मांडताना वाकून बघणारी आई. तो मध्येच थांबला.

"पोर खुर्चीखाली? मग आई काय टेबलावर चढली होती?"

हशा पिकला. आणि सगळ्यांत आधी कोण हसलं? आमची वहिनी! वर म्हणते कशी, "कुणा खाटकाच्या बायकोनं खरडलं असेल हो!" जीभ कशी झडली नाही मेलीची! मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दाराशी खुर्ची सरकली. जोसायादादा उभा होता.

"माझी आहे ती," तो म्हणाला. "मला काय कळतंय कवितेतलं? लेकीची आठवण आली, लिहिली. चुकलं माझं."

हिशेबापलीकडे ओळ न लिहिलेला माणूस! पण त्या घरात बक्कलं सोडणारी पोर एकच होती, ते त्याला बरोबर कळलं होतं.

पिनॉकची मान खाली गेली. मग जो तो म्हणायला लागला, "वा, काळजाला भिडलं हो!" वहिनी पांढरीफटक. मी मनात ओरडत होते, ऊठ गं बये, अजून वेळ गेलेली नाही. ती उठली नाही. "पुढची कविता घ्या," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी पाहुणे लवकर पांगले. दादा पिनॉकच्या खुर्चीवरचा कागद उचलून, न वाचताच वहिनीकडे आला.

"त्यानं अर्धीच वाचली," तो म्हणाला. "पुढं लेटीचं नाव आहे का गं?"

वहिनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नाही," ती म्हणाली. "ते मी तोंडानं सांगणार होते."