चार नंबरची कॅसेट

"ती सासू हाय गो तिची," पुतळा म्हणाली. "बग कशी बसलीय."

भांडी अर्धवट टाकून, राखेच्या हातांनी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. टीव्हीवर एक म्हातारी बुटक्या टेबलाशी मांडी घालून बसली होती आणि एक तरुण बाई गुडघ्यांवर बसून तिला भात वाढत होती.

"सासू कशावरून? आई असेल," मी म्हटलं.

"आई भात वाढताना अशी बगतं का?"

मी नीट पाहिलं. म्हातारी भाताकडे बघतच नव्हती, वाढणारीच्या हाताकडे बघत होती. पुतळाचं बरोबर होतं. आणि ते कळल्याबरोबर माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पदरानेही थांबेना.

"आता रडतेस कशाला, वयनी? तुला त्यांची बोली कलतं?"

"एक अक्षर कळत नाही."

"मंग?"

तेवढ्यात चित्र परत वर वर सरकायला लागलं, म्हणून मी उठून टीव्हीच्या मागची कळ फिरवली.

त्या कॅसेटी आमच्या टीव्हीला मानवतच नव्हत्या. टीव्ही रंगीत, पण चित्र काळंपांढरं दिसायचं आणि दर पाच मिनिटांनी वर पळायचं. आणि त्या आमच्या घरात आल्या होत्या त्याही माझ्या नवऱ्याच्या एका गैरसमजामुळे. श्यामसुंदर सौदीला एका कोरियन कंपनीत होता, पाण्याच्या पंपांवर फोरमन. (तोंडावर मी त्याला 'अहो'च म्हणायचे. पण मनातल्या मनात 'अहो' कोण म्हणतं.) चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत त्याच्या कॅम्पातला एकजण सुट्टीवर आला, त्याच्याबरोबर त्याने व्हीसीआर आणि चार कॅसेटी पाठवल्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'कॅसेटी रिकाम्या आहेत. नानांना क्रिकेट टेप करायला.' त्याच्या वरच्या किमसाहेबांनी त्या दिल्या होत्या. आमच्या सगळ्यांच्या बघून झाल्या, खुशाल वर टेप करा, असं ते म्हणाले असणार. श्यामने त्यातलं 'टेप करा' एवढंच ऐकलं. तो नेहमीच आपल्या सोयीचं तेवढं ऐकतो.

नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खोक्यातली सगळ्यात वरची कॅसेट उचलली आणि तीवर कॅसेट भरेपर्यंत क्रिकेटचा सामना टेप केला. त्यानंतर आठवड्याने मी उरलेल्या तीन लावून पाहिल्या, तेव्हा कळलं की ही एक सलग गोष्ट आहे. कॅसेटींवर बॉलपेनने आकडे होते. एक, दोन, तीन. नानांनी घेतली ती चार नंबरची. म्हणजे शेवटाची.

आम्ही वाशीला सिडकोच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो; धाकटी नणंद शिकायला होस्टेलवर होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यात आम्ही दोघं एकत्र राहिलो ते साडेपाच महिने. लग्नाआधी मी चेंबूरला एका कचेरीत टायपिस्ट होते. सासूबाईंनी नोकरी सोड असं एकदाही म्हटलं नाही, खोटं कशाला बोलू. त्या फक्त म्हणाल्या, "नवरा परदेशी, आणि खाडीच्या पुलावर तुझी बस बंद पडली तर मी कुणाकुणाला उत्तरं देऊ?" आता याच्याशी कोण भांडणार. छळ केला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. त्या माझ्या केसांना तेल लावायच्या, माझ्यासाठी सायीचं दही वेगळं ठेवायच्या, आणि मी गॅलरीत पाच मिनिटं उभी राहिले तर आतून विचारायच्या, "जया, कोण आहे गं खाली?" बाजारात जायचं तर त्यांच्याबरोबर, माहेरी जायचं तर नानांबरोबर. दुपारी एक ते तीन त्या झोपायच्या. माझा सगळा संसार त्या दोन तासांत होता.

श्यामचा करार मार्चला संपत होता. मार्चला कायमचा येतो, हे तो मला विमानतळावर सांगून गेला होता. मी कॅलेंडरवर खुणा केल्या नाहीत, सासूबाईंनी बघितल्या असत्या. पण दिवस कुणाला मोजायला शिकवावे लागत नाहीत.

गोष्ट मी आणि पुतळाने मिळून लावली. पुतळा आमची भांडीवाली, वाशीशेजारच्याच जुहूगावची. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे कधीकाळी त्यांचं शेत होतं, हे ती भांडी घासताना अगदी सहज सांगायची. पहिल्या कॅसेटीत त्या बाईचं लग्न होतं आणि नवरा आगगाडीत बसून कुठेतरी निघून जातो. दुसरीत ती तांदूळ धुते, कपडे धुते, अंगण झाडते, आणि सासू बघत असते. सासू ओरडत नाही, मारत नाही. नुसती बघते. मला तर तिथेच धाप लागायची. तिसरीत टपालवाला येतो आणि पत्र सासूच्या हातात देतो. सासू ते वाचते, घडी घालते आणि कंबरेच्या पिशवीत ठेवून देते. या जागेला मी प्रत्येक वेळी हुंदके देऊन रडले. बारा-तेरा वेळा तरी. तिसरीच्या शेवटी ती बाई एका पहाटे गाठोडं बांधते, अंगण ओलांडते, लाकडी फाटकाच्या कडीला हात घालते, आणि कॅसेट संपते. पुढे करकर आवाज आणि मुंग्या.

"जाल ती," पुतळा म्हणायची. "गाठोडं बांधलंन ना? मंग जाल."

"आणि नवरा आला तर?"

"येयाचा असता त आला नसता अजून?"

घरात रडायचं तर कारण द्यावं लागतं. काय झालं, कुणी काही बोललं का, माहेरची आठवण आली का. आणि तिन्हीसांजेला रडलं तर लक्ष्मी जाते. टीव्हीपुढे रडलं तर कुणी काही विचारत नाही. हा शोध मला फार उशिरा लागला, नाहीतर मी पहिल्या वर्षीच टीव्ही मागितला असता.

एका दुपारी सासूबाईंना झोप लागेना, म्हणून त्या बाहेर येऊन माझ्याशेजारी बसल्या. दुसरी कॅसेट चालू होती. मी बंद करायला उठले तर म्हणाल्या, "राहू दे, बघू तरी." भात वाढायचा प्रसंग आला. सासूबाईंचं नाक लाल झालं.

"काय कैदाशीण बाई आहे," त्या म्हणाल्या. "पोरीला सुखाने घास गिळू देत नाही. माझी सासू अश्शीच बघायची. मी मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने रडायची, जया." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि आम्ही दोघी शेजारी बसून रडलो. फार बरं वाटलं. एकदा वाटलं, आत्ता सांगून टाकावं. मी नुसती त्यांच्याकडे वळले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ती खिडकी लाव बघू आधी. समोरच्या बिल्डिंगीतून सगळं दिसतं."

मी खिडकी लावली.

जानेवारीत श्यामची आवाजाची कॅसेट आली. आमच्याकडे पत्रापेक्षा याचीच पद्धत होती. तो तिकडून कॅसेट भरून पाठवायचा, ती रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून ऐकायची आणि त्याच बैठकीत उत्तर भरायचं. आधी नाना, मग सासूबाई, आणि शेवटी उरलेल्या टेपवर मी. एकदा 'तब्येतीला' या शब्दावर माझी टेप संपली होती.

या वेळी तो म्हणाला, "कंपनी करार दोन वर्षांनी वाढवतेय. धाकटीचं लग्नही करायचंय. तुम्ही सगळे काय म्हणता ते कळवा. जया, तूही सांग. तू ये म्हणालीस तर मी येतो."

हे तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. तीन माणसं माझ्याकडे बघायला लागली. तिसरा गणपतीच्या फोटोतला.

नाना टेपरेकॉर्डरजवळ तोंड नेऊन म्हणाले, "तुझी मर्जी. पण अशी संधी पुन्हा येत नसते." सासूबाई रडल्या, तब्येत जप म्हणाल्या, दोन वर्षं काय अशी निघून जातील म्हणाल्या, आणि रेकॉर्डर माझ्यापुढे सरकवला. "बोल. लाजू नकोस."

'या' हा एका अक्षराचा शब्द. मी तोंड उघडलं. सासूबाईंनी मांडीवरची भाजी निवडायची थांबवली होती. मी 'या' म्हटलं असतं तर धाकटीचं लग्न अडवणारी मी ठरले असते, आणि ते मला कुणी बोलूनही दाखवलं नसतं. सासूबाई जन्मभर सायीचं दही देत राहिल्या असत्या.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही पाठवलेल्या कॅसेटी रिकाम्या नव्हत्या. त्यात एका बाईची गोष्ट आहे. तिचा नवरा लांब आहे. घरात तिला कुणी त्रास देत नाही, पण तिला तिथे श्वास घेता येत नाही. नवऱ्याचं पत्र तिला वाचायला मिळत नाही. एके दिवशी ती फाटकापर्यंत जाते. पुढची कॅसेट पुसली गेली. तुम्ही किमसाहेबांना विचारा, ती जाते का? का तिचा नवरा वेळेवर येतो? मला ते कळलं पाहिजे. नीट विचारून सांगा. फार दिवस लावू नका."

शेवटी माझा आवाज फाटला. सासूबाईंनी हसत हसत माझी पाठ थोपटली आणि रेकॉर्डरमध्ये म्हणाल्या, "ऐकलंस ना? दुपारभर सिनेमे बघते आणि गंगाजमुना वाहवते. मजेत आहे हो सूनबाई."

मग मी वाट बघितली. त्याला कळेल असं मला वाटत होतं, अगदी खात्रीने वाटत होतं. साडेपाच महिने का होईना, आम्ही एका उशीवर झोपलो होतो. पुतळाला मी सांगितलं की शेवट मागवलाय. ती रोज विचारायची, "आली का गो चिठ्ठी त्या बाईची?" आणि मी रोज नाही म्हणायचे. कॅसेटी लावायच्या मी बंद केल्या. फाटकाशी तिला पुन्हा पुन्हा उभी करणं मला बघवेना.

उत्तर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी ऐकायला मिळालं. आम्ही तिघं बसलो. श्यामचा आवाज खणखणीत होता, सर्दी नव्हती.

"नाना, आई, तुमच्या आशीर्वादाने मी सही केली. आता दोन वर्षं बघायला नको." मग नानांच्या गुडघ्यासाठी कुठलंसं मलम, धाकटीला आलेलं सांगलीचं स्थळ, कॅम्पातलं जेवण. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. मग तो म्हणाला, "आणि जया, तुझं काम केलं बरं का. किमसाहेबांना सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ती त्यांच्याकडे फार गाजली होती. तर ऐक. ती जात नाही. फाटकाची कडी काढते, थोडा वेळ उभी राहते आणि परत आत येऊन चूल पेटवते. सासू आजारी पडते, तिचं सगळं हीच करते. सासू मरताना तिला पेटीतली सगळी पत्रं देते. नवरा पुष्कळ वर्षांनी येतो. म्हणजे शेवट एकदम चांगला आहे. उगाच रडू नकोस. किमसाहेब विचारत होते, तुझी बायको एवढं का विचारते? मी म्हटलं, तिला सिनेमाचा नाद आहे."

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, गोड शेवट असणार." त्यांनी पदराने डोळे टिपले. खरंच टिपले. नानांनी टेप उलटी घातली, ते बोलले, सासूबाई बोलल्या, आणि रेकॉर्डर माझ्यापुढे आला.

"मी बरी आहे," मी म्हटलं. "इकडची काळजी करू नका." टेप पुष्कळ उरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई झोपल्या आणि पुतळा आली. भांडी गोळा करता करता तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खालीच बसली.

"आलं काय शेवट?"

"आला."

"मंग? काय केलंन तिनं?"

"गेली," मी म्हटलं.

पुतळाने मांडीवर थाप मारली. "मी बोलले नवतं? फाटकापरत आयलेली बाई मागारी फिरतं का?" तिला इतका आनंद झाला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ-दहा दुपारी शेजारी बसून मी रडले, पण ही कधी रडली नव्हती. ती म्हणाली, "बरं झालं गो, बरं झालं." मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, "आनि गेली कुठं?"

मी बोलायला तोंड उघडलं. माहेरी म्हणावं, तर माहेरचे आठ दिवसांनी परत आणून सोडतात. शहरात म्हणावं, तर तिथे कुणाकडे. नवऱ्याकडे म्हणावं, तर त्याने बोलावलं कुठे होतं. पुतळा वाट बघत होती. मी पुष्कळ विचार केला, पण तिला पाठवायला मला जागाच सुचेना.