हिरवा ठिपका

दीपमालाला त्या ॲपची किळस यायची, आणि त्याहून जास्त किळस यायची त्याला रोज खाऊ घालणाऱ्यांची. म्हसावदच्या शेतकरी घरातली ही पोर. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि नंदुरबारच्या हेमकांत ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून लागली. बांधकाम म्हणजे सिमेंट, सळई आणि पाणी, असा तिचा समज होता. नोकरीत कळलं की बांधकाम म्हणजे फोटो. पाया खोदला, फोटो. सळई बांधली, फोटो. प्रत्येक फोटोसोबत जागेचा ठावठिकाणा आणि इंजिनिअरचा चेहरा. चेहरा जुळला की जिल्ह्याच्या नकाशावरचा त्या इमारतीचा ठिपका लालाचा पिवळा होणार, पिवळ्याचा हिरवा. साहेब लोक एसीत बसून हिरवे ठिपके बघायचे आणि एकमेकांची पाठ थोपटायचे. इमारत बघायला कोण मरायला जातंय उन्हातान्हात?

कुणाला खोटं बोलताच येऊ नये म्हणून कुणीतरी डोकं लावून ते ॲप बनवलं असणार. आमच्या लोकांनी महिन्याभरात त्यावर उतारा काढला.

खांडबाऱ्याच्या पलीकडच्या एका गावात आरोग्य उपकेंद्राची नवी इमारत चालली होती. मार्च संपायच्या आत स्लॅब भरलेला दिसलाच पाहिजे, असा वरून तगादा. आणि इकडे मिक्सर बिघडलेला, खडीचा पत्ता नाही. हेमकांतभाऊंनी दीपमालाला ऑफिसात बोलावून घेतलं. तिथे कॉम्प्युटरवर बसणारा भाग्येश भारी हुशार. त्यानं तिच्याच मोबाईलमध्ये एक करामत बसवून दिली. आता तो मोबाईल नंदुरबारात असला तरी मी खांडबाऱ्यात आहे असं छातीठोक सांगणार होता. फोटोही तयार होता. धानोऱ्याला हेमकांतभाऊंचंच दुसरं काम चालू होतं, तिथल्या ताज्या स्लॅबचा. राहिला होता फक्त चेहरा.

"दाखाड ना चेहरा, दीपमाला. फोटोच त शे," हेमकांतभाऊ गुटखा गालात सरकवत म्हणाले. "स्लॅब काय पळी जाई ऱ्हायना का? मिक्सर उना का भरी टाकसूत."

तिनं चेहरा दाखवला. ठिपका हिरवा झाला. ज्या उपअभियंता साहेबांनी ती इमारत जन्मात पाहिली नव्हती, त्यांनी चहा निवायच्या आत मंजुरी दिली आणि ग्रुपवर अंगठाही टाकला. दीपमाला घरी गेली आणि तिनं साबण लावून दोनदा तोंड धुतलं. तोंडाला काय लागलं होतं ते तिचं तिलाच माहीत.

खरा स्लॅब भरला गेला तो पार एप्रिलात. त्याखालच्या प्लेटा आणि टेकूच्या बल्ल्या वहाबचाचांनी आधीच लावून ठेवलेल्या होत्या. वहाबचाचा म्हणजे नंदुरबारचे जुने सेंट्रिंगवाले. स्लॅब ओला असताना त्याला खालून धरून ठेवणारा सगळा डोलारा त्यांच्या हातचा. तो उभा करून ते पोराला घेऊन नवापूरच्या कामावर निघून गेले. स्लॅब भरला दुसऱ्याच टोळीनं. कधी भरला, हे चाचांना कळायचं काही कारण नव्हतं, आणि कुणी कळवलंही नाही.

स्लॅब भरल्यावर चौथ्या दिवशी दीपमाला धानोऱ्याच्या साइटवर होती. मोबाईल वाजला म्हणून बघितलं, तर ॲपचा निरोप. खांडबाऱ्याच्या इमारतीचं नाव, आणि त्याखाली: 'स्लॅबची मुदत पूर्ण झाली आहे. टेकू काढण्यास हरकत नाही.' सगळ्यात खाली तिचं नाव आणि तिचाच तो जुळलेला चेहरा. हाच निरोप सेंट्रिंगच्या कारागिराला, म्हणजे वहाबचाचांना, सकाळीच गेलेला होता.

खोटी तारीख टाकली तेव्हा ती त्या एका फोटोपुरती खोटी आहे असं तिनं धरलं होतं. ॲपनं ती खरी धरली आणि इमानेइतबारे तिथून पुढचे दिवस मोजत बसलं. खरा स्लॅब जेमतेम चार दिवसांचा होता. खालच्या बल्ल्या काढल्या की तो काढणाऱ्याच्याच डोक्यावर येणार. आणि काढायला आत शिरणार चाचांचा पोरगा अजहर, कारण चाचांचे गुडघे आता वाकत नाहीत.

तिनं चाचांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. काम चालू असलं की चाचांचा मोबाईल डब्याच्या पिशवीत, ही त्यांची जुनी सवय. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग हेमकांतभाऊंना लावला.

"काढू दे ना," ते म्हणाले. "त्या प्लेटा धानोराले लागतीसच."

"भाऊ, स्लॅब कच्चा शे. खाले माणसं शेतस."

"ॲपमा काय दखाई ऱ्हायनं? मुदत पुरी ना? मंग तू कसाले डोकं खराब करी ऱ्हायनी?" मागून कुणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन कट झाला.

या माणसाच्या हाताखाली आपण रोज उठून जातो! तिनं ॲप उघडलं, तारीख बदलायला गेली. ॲप म्हणालं, 'मागील नोंदीत बदल करण्याचा आपणास अधिकार नाही.' तो अधिकार होता उपअभियंता साहेबांना. त्यांचा फोन बंद, कारण ते ठिपक्यांच्या बैठकीत. खरं सांगायला त्या ॲपमध्ये बोटभर जागा नव्हती. उघडं होतं फक्त एक लाल बटण: दुर्घटना. ते दाबलं की पोलीस, रुग्णवाहिका, गावातल्या नर्सबाई, सगळ्यांना निरोप.

धानोऱ्याच्या साइटमागे पाडलेल्या जुन्या खोलीचा ढिगारा पडलेला होता. दीपमालानं त्याचा फोटो काढला. भाग्येशची करामत चालू केली. मोबाईल लगेच खांडबाऱ्याला जाऊन बसला. 'स्लॅब कोसळला. खाली कामगार.' मग तोच चेहरा पुन्हा समोर धरला. डोळे भरून आलेले होते, तरी चेहरा जुळला. खोटं होतं ना, एका झटक्यात चढलं. तिनं स्कूटी काढली आणि खांडबाऱ्याचा रस्ता धरला.

ती पोचली तोवर तिथं अख्खं गाव लोटलं होतं. रुग्णवाहिका आलेली, दोन पोलीस आलेले, आणि इमारत उभीच्या उभी. वाळूच्या ढिगावर अजहर बसलेला होता, केसांत सिमेंटची धूळ, हातात हातोडा, शेजारी वहाबचाचा. पडवीकडच्या दोन ओळी बल्ल्या निघाल्या होत्या. तिथला स्लॅब खाली झुकला होता आणि त्यात हात जाईल अशी भेग पडली होती. तिसऱ्या ओळीला त्यानं हात घातला, तेवढ्यात नर्सबाई किंचाळत धावत आल्या. कोण मेलं ते बघायला तो बाहेर आला, म्हणून वाचला.

दीपमाला तिथंच विटांवर बसून ढसाढसा रडली.

थोड्या वेळानं उपअभियंता साहेब उतरले. या जागेला त्यांचे पाय पहिल्यांदाच लागत होते. स्लॅब उभा दिसल्यावर माणूस सुटकेचा श्वास टाकेल, तर यांचा पारा चढला.

"कोसळला कुठंय? जिल्ह्यापर्यंत बोंब गेली. मॅडम, खोटी दुर्घटना टाकता?"

"साहेब, स्लॅबची नोंदही खोटीच होती. तुम्हीच मंजूर केली."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. आवाज एकदम मऊ झाला. भेगेकडे त्यांनी मान वर करून नीट पाहिलंसुद्धा नाही. "हे बघा, बल्ल्या परत लावून घ्या. भेग काय, प्लास्टरमध्ये जाईल. दुर्घटनेचं बटण चुकून दाबलं गेलं असं मी टाकतो. पहिली नोंद राहू द्या तशीच. आता कशाला ढवळायचं?" असं म्हणून त्यांनी तिथंच उभ्या उभ्या अंगठा फिरवला. नकाशावरचा ठिपका पुन्हा हिरवा झाला. या भेगेखाली उद्या बायका बाळंत होणार होत्या, आणि हा माणूस रुमालानं बूट पुसत होता. दीपमालाला त्या बुटांवर थुंकावंसं वाटलं. ती नुसती बघत राहिली.

साहेबांची गाडी वळली आणि समोरून एक रिक्षा आली. त्यातून वहाबचाचांची बायको रशिदाचाची उतरली, अनवाणी. दुर्घटनेचं बटण दाबलं की कामगारांच्या घरीही निरोप जातो, हे दीपमालाच्या ध्यानातच आलं नव्हतं. नंदुरबारपासून इथवर ती माय पोराचं मढं बघायला आली होती. अजहर समोर दिसला तरी तिला खरं वाटेना. तिनं त्याचं डोकं, खांदे, हात चाचपून पाहिले. मग ती तिथंच मातीत बसली.

वहाबचाचांनी डब्याच्या पिशवीतून मोबाईल काढला. दोन निरोप एकाखाली एक. ते सावकाश दीपमालाजवळ आले.

"बेटी, सकायले उनं, स्लॅब पक्का व्हयना, बल्ल्या काढा. खाले तुन्हं नाव व्हतं. तुन्हं नाव देखं म्हनीसन मी कोनले इचारं नही, पोऱ्याले खाले धाडी दिना." त्यांचा अंगठा दुसऱ्या निरोपावर आला. "मंग हाई उनं. स्लॅब पडी गया, माणसं दाबाई गयात. हाऊ निरोप वाचीसन अजहरनी माय आठलगून रडत उनी. आठे बी तुन्हंच नाव."

रशिदाचाचीनं मातीतून मान वर केली.

"यास्मा खरं कोनतं व्हतं, बेटी?" तिनं विचारलं.

दीपमालानं मोबाईलवरचे दोन्ही चेहरे पाहिले. दोन्ही तिचेच, दोन्ही जुळलेले.

"एक बी नही, चाची," ती म्हणाली.

चाचांनी मोबाईल पिशवीत टाकला. मग ते अजहरकडे वळले आणि बल्ल्या परत लावण्याआधी त्यांनी त्याला गावात पाठवलं. हा स्लॅब कोणत्या दिवशी भरला, ते कुणातरी गावकऱ्याला विचारून ये म्हणाले. दीपमाला तिथंच, हाताच्या अंतरावर उभी होती. तिला त्यांनी विचारलं नाही.